सिगारेटने नेमका कुठला ताण जातो?

ऑफिसात कटकट झाली की पाय आपोआप टपरीकडे वळतात. दोन झुरके मारले की डोकं शांत होतं. हा अनुभव अगदी खरा आहे. त्यामागचं कारण मात्र वेगळंच आहे.

झुरक्यातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि तिथे डोपामाइन हे बरं वाटायला लावणारं रसायन स्रवतं. पण रक्तातलं निकोटीन साधारण दर 2 तासांनी निम्म्यावर येतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीन पकडणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. त्या रिकाम्या पडू लागल्या की चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. पुढची सिगारेट शमवते ती ही अस्वस्थता. साहेबांच्या बोलण्याने आलेला ताण जागच्या जागीच असतो. जातो तो आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2014 साली 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण कमी झाल्याचं त्यात आढळलं.

तिथवर पोहोचायला मधले दिवस काढावे लागतात आणि ते सोपे नसतात. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. तीन-चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. एकेक तलफ मात्र सहसा काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात भरभर चालून आलं तरी तिचा जोर कमी होतो. सावकाश, खोल श्वास घेऊन पाहावेत. झुरका घेतानाही आपण नकळत तेच करत असतो.

चहा-कॉफीचा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम मांडतो. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा वेगाने करतं. सिगारेट थांबली की काही दिवसांत हा वेग उतरतो आणि नेहमीइतक्याच कॉफीतून रक्तात जवळपास दुप्पट कॅफीन साठू शकतं. मग धडधड होते, झोप उडते आणि माणसाला वाटतं, ‘सिगारेटशिवाय आपलं काही खरं नाही.’ या काळात कॉफीचे कप निम्मे करावेत, चहाही कमी घ्यावा.

आणि हे एकट्याने करू नये. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या 12,067 जणांच्या नोंदी 2008 साली तपासल्या गेल्या. जोडीदाराने सिगारेट सोडली असेल तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी घटलेली दिसली. मित्राने सोडली असेल तर 36 टक्क्यांनी. म्हणून घरी सांगून टाकावं, टपरीवरच्या सोबत्यालाही बरोबर घ्यावं. ज्यांना असं कुणी नाही, त्यांच्यासाठी 1800-11-2356 ही विनामूल्य राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात आणि पुढे स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात. निकोटीनचा च्युइंगगम किंवा औषधं घ्यायची असतील तर डॉक्टरांना विचारून घ्यावीत; समुपदेशनाच्या जोडीने त्यांचा गुण अधिक येतो.