रस्त्यावरची वर्गणी (महाराष्ट्र)

गणपती, नवरात्र, दहीहंडी, जयंत्या आल्या की किंवा कुठे पूर-भूकंप झाला की मंडळाची पोरं चौकात, सिग्नलला, बाजारात डबा किंवा पावतीपुस्तक घेऊन जे पैसे गोळा करतात ती रस्त्यावरची वर्गणी. मदतीसाठी निघाली तर तिला मदतफेरी म्हणतात, त्यात चौघं चादर धरून पुढे चालतात आणि लोक वरून नोटा टाकतात. शिमग्याला दोरी आडवी धरून पोस्त मागणारी पोरंही याच खानदानातली, पण त्यांच्या दहा-वीस रुपयांच्या मागे कोणी कायदा घेऊन लागत नाही.

कायदा मुख्यतः एकच, १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम (आधी याच्या नावात मुंबई होतं). नोंदणी झालेला ट्रस्ट असेल तर त्याचे विश्वस्त किंवा त्यांनी नेमलेली माणसं पैसे गोळा करू शकतात. बाकी मंडळ कितीही जुनं आणि गल्लीत कितीही वजनदार असो, नोंदणी नसेल तर कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी लागते, लोक तिला सरळ फॉर्टीवन सी म्हणतात. ती ठराविक मुदतीपुरतीच मिळते, अर्ज आता ऑनलाइनही होतो. अर्जासोबत मंडळाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जागेची ना हरकत असली कागदं मागतात, आणि खरी गोची होते ती गेल्या वर्षीच्या हिशोबावर, कारण डीजेवाल्याने बिल दिलेलं नसतं, मांडववाल्याने दिलेलं असतं ते कोणाच्या तरी खिशात धुऊन निघालेलं असतं आणि खजिनदार नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलेला असतो. परवानगी न घेता गोळा केलं तर शिक्षेची तरतूद आहे.

आता रस्त्याचा भाग. ४१ क ची परवानगी पैसे मागायची आहे, गाडी अडवायची नाही, आणि मंडळांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दुचाकीच्या पुढ्यात उभं राहणं, टेम्पोची चावी काढून घेणं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मध्ये बसू शकतं, म्हणजे माणसाला त्याच्या वाटेने जाऊ न देणं. रस्ताच अडला तर कलम २८५ आहे. आणि "एवढे दे नाहीतर बघतो" अशी भाषा आली की प्रकरण कलम ३०८ च्या खंडणीवर जातं, तिथे सात वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडसंहितेत ही कैद तीन वर्षांपर्यंत होती, १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली हे बऱ्याच कार्यकर्त्यांच्या अजून गावीही नाही. आकडा आधीच टाकून हातात दिलेली पावती हा प्रकार माझ्या मते दमदाटीच्या उंबरठ्यावरच उभा असतो, भले देणारा हसत देवो.

एक मजेशीर कोपरा १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात आहे. सार्वजनिक जागी पैसे मागणं म्हणजे भीक अशी त्याची व्याख्या बरीच रुंद आहे, पण कायद्याने किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या कामासाठी मागितले तर ती भीक नाही. म्हणजे परवानगीचा कागद नसेल तर नुसत्या व्याख्येवर डबा हलवणारा कार्यकर्ता आणि सिग्नलवरचा भिकारी एकाच ओळीत येतात, प्रत्यक्षात पकडला कोण जातो ते सगळ्यांना दिसतंच.

देणाऱ्याने नाव, नोंदणी किंवा परवानगी क्रमांक असलेली पावती मागावी. टॅक्समध्ये सूट हवी असेल तर मंडळाची साधी पावती चालत नाही, संस्थेला ८०जी ची मान्यता लागते आणि दोन हजारांच्या वर रोख दिलं तर तिथेही सूट नाही.

मदतफेऱ्यांचं वागणं मात्र वेगळं असतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तो अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपतंय तोवर, पहाटे चारच्या सुमारास. २०१९ ला कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली ती गणपतीच्या जेमतेम महिनाभर आधी. अशा वेळी डब्यापुढे पावती कोणी मागत नाही, लोक खिशात हात घालून मोकळे होतात, आणि हिशोब सगळ्यात जास्त विस्कटतो तोही याच पैशांचा.