यलो बेल्टनंतरचे थांबलेले महिने

कराटेच्या क्लासचे पहिले तीन-चार महिने घरात मोठ्या उत्साहाचे असतात. मूल पट्ट्याची गाठ स्वतः मारायला शिकते, पाहुण्यांना पंच मारून दाखवते, आणि पहिल्या परीक्षेनंतर यलो बेल्ट मिळाला की तो बांधूनच घरभर हिंडते. मग एका संध्याकाळी ते म्हणते, "आई, आज नको ना जायला. सर रोज तेच तेच करून घेतात." हे गाऱ्हाणे ऐकून आपण एकतर त्याला आळशी ठरवतो किंवा दुसऱ्या क्लासची चौकशी सुरू करतो. मला दोन्ही गोष्टी घाईच्या वाटतात, कारण ज्या काळात मुलाला आपण जागच्या जागी अडकलो आहोत असे वाटते, त्याच काळात त्याचे शिकणे अनेकदा आतून चालू असते. फक्त ते त्याला दिसत नाही.

विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तारयंत्र शिकणाऱ्यांच्या वेगाचे आलेख १८९७ आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. संदेश टिपण्याच्या वेगाची चढती रेघ मध्येच आडवी होई, कित्येक आठवडे तशीच राही आणि मग पुन्हा चढू लागे. सुरुवातीला एकेक अक्षर ऐकणारा शिकाऊ माणूस या काळात अख्खे शब्द ऐकण्याकडे सरकत असतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. प्रत्येक कौशल्यात असे पठार येतेच असे नाही, हे पुढे दिसून आले. पण सुट्या तुकड्यांची साखळी होण्याची ही प्रक्रिया काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, शिकणाऱ्या मुलामध्ये डोळ्यांनी पाहता येते.

कराटेच्या शोतोकान शैलीतला हेइयान शोदान हा काता २१ हालचालींचा आहे. नवे मूल त्यातली प्रत्येक हालचाल वेगळी आठवत असते: डावीकडे वळायचे, हात खाली आणून अडवायचे, पाऊल पुढे टाकायचे, पंच मारायचा. काही महिन्यांनी अडवणे आणि पंच मिळून एकच गोष्ट होते, आठवण्याचे ओझे उतरते आणि मोकळे झालेले लक्ष बारकाव्यांकडे वळू शकते. पंच मारताना मागच्या पायाची टाच जमिनीवरून उचलली जाते, हे तोवर मुलाच्या ध्यानातही आलेले नसते. हेइयान मालिकेचे मूळ नाव पिनान असून जपानमधल्या ओकिनावाचे कराटे शिक्षक इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती शाळकरी मुलांना शिकवण्यासाठी रचली, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. मुलांना झेपतील अशा पायऱ्या पाडण्याचा विचार या विद्येत शंभर वर्षांहून जुना आहे.

रंगीत पट्टे हाही त्याच विचाराचा भाग. ते आले ज्युदोतून, आणि युरोपात ते रुजवण्याचे श्रेय सहसा १९३५ मध्ये पॅरिसला गेलेले ज्युदो शिक्षक मिकिनोसुके कावाईशी यांना दिले जाते. पट्टा प्रगतीची खूण असतो, तोवर तो मुलाला बळ देतो. "ऑरेंज बेल्ट मिळव, सायकल घेऊन देतो" असे आपण म्हणतो तेव्हा मात्र त्याचा सौदा होतो. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये, मुळात चित्रे काढायला आवडणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रमाणपत्र देण्याचे आधी कबूल केले. काही दिवसांनी त्या मुलांनी मोकळ्या वेळात, इतर मुलांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक मिळाले होते, त्यांची गोडी टिकून राहिली.

सरावाच्या दिवशी दिसणारी सफाई आणि खरे शिकणे यांतही अंतर असते. रॉबर्ट कर आणि बर्नार्ड बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांकडून छोट्या पिशव्या नेम धरून फेकण्याचा सराव करून घेतला. एक गट फक्त तीन फुटांवरून फेकत होता, दुसरा दोन आणि चार फुटांवरून. तीन फुटांवरच्या चाचणीत सरस ठरला तो दुसरा गट, ज्याने त्या अंतरावरून सराव केलाच नव्हता. म्हणून सर कधी पंचांचा क्रम बदलतात, कधी काता उलट दिशेला तोंड करून करायला लावतात आणि मूल अडखळते, तेव्हा पालकांनी बाहेरून सूचना देऊ नयेत. ते अडखळणेही उपयोगी असू शकते.

मुलाला टिकवायचे तर मोजपट्टी त्याच्या हाती द्यावी लागते. किम्बर्ली लेक्स आणि विल्यम हॉइट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एका शाळेच्या मुलांना तीन महिने तायक्वांदो ही कोरियन युद्धकला शिकवली गेली. मी कुठे आहे, मी काय करतो आहे आणि मी काय करायला हवे, हे स्वतःला विचारण्याची सवय त्यांना लावली होती. नेहमीच्या शारीरिक शिक्षणाच्या तासाला बसलेल्या मुलांपेक्षा त्यांचा स्वतःवरचा ताबा अधिक सुधारलेला आढळला.

मूल क्लासमधल्या अपमानाला घाबरत असेल, त्याला मारहाण होत असेल किंवा गुडघा सतत दुखत असेल, तर चिकाटीचा प्रश्नच उरत नाही. तो क्लास सोडावा.

तसे नसेल तर महिन्यातून एकदा मोबाइलवर त्याच्या काताचे चित्रण करून ठेवावे आणि "नको ना जायला" म्हणणाऱ्या संध्याकाळी जुने आणि नवे चित्रण त्याच्या शेजारी बसून पाहावे. आपण काही बोलू नये. जून महिन्यातल्या पंचाला उचललेली टाच ऑक्टोबरमध्ये जमिनीला टेकलेली असते, आणि ती बहुधा आपल्याआधी त्यालाच दिसते.