मलवाहिनीला वाट दिली म्हणजे जमीन गेली?

"एकदा मलवाहिनीसाठी, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपसाठी, सही केली, की जमिनीचा तो पट्टा कायमचा गेला," असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. अशी सही म्हणजे सुविधाधिकार, म्हणजे आपल्या जमिनीच्या ठरावीक वापराचा हक्क, देणं; त्यात मालकी हस्तांतरित होत नाही. ठरलेल्या पट्ट्यातून पाइप नेण्याचा आणि दुरुस्तीसाठी आत येण्याचा हक्क तेवढा दिला जातो. जमीन तुमचीच राहते, विकताही येते. मात्र नोंदवलेला हक्क सहसा नव्या मालकावरही बंधनकारक असतो.

मग पाइप वळसा घालून का नेत नाहीत? सांडपाणी बहुतेक ठिकाणी उतारानेच वाहतं. वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ बसतो आणि पाइप तुंबतो. वळसा लांबला की उतार कमी होतो, नाहीतर खोदाई खोल जाते.

बंधनं येतात, हेही सांगायलाच हवं. पट्ट्यावर पक्कं बांधकाम नको, मोठी झाडंही नकोत, कारण मुळं पाइपच्या सांध्यांतून आत शिरतात. गवत, भाजीपाला बहुधा चालतो.

खरा धोका मोघम करारात आहे. "आवश्यक तेवढी जागा" असं लिहिलेलं दिसलं तर थांबा. पट्ट्याची रुंदी, पाइपांची संख्या, मोबदला, खोदल्यावर जमीन पूर्ववत कोण करणार, हे सगळं नकाशासह लिहून घ्या आणि मगच सही करा.