अभ्यासक्रमाच्या पानावरील व्हिडिओ

अभ्यासक्रमाच्या पानावरील व्हिडिओ : अध्ययन व्यवस्थापन प्रणालीत, म्हणजे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याच्या आज्ञावलीत (व्यवहारातले नाव ‘एलएमएस’), अभ्यासक्रमाच्या पानावर मजकूर, आकृत्या व प्रश्न यांच्या जोडीने व्हिडिओ ठेवण्याची पद्धत. ती दोन प्रकारांनी चालते. एक तर फाईल प्रणालीच्या सर्व्हरवरच ठेवली जाते. नाहीतर फाईल दुसरीकडे, बहुधा यूट्यूबवर, राहते आणि पानावर तिची फक्त खिडकी उघडते. शिक्षकांच्या बोलण्यात पहिल्या प्रकाराला व्हिडिओ ‘चढवणे’ व दुसऱ्याला ‘बसवणे’ म्हणतात. हा फरक नेमका असल्याने प्रस्तुत नोंदीत हेच शब्द योजले आहेत.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार नाशिकपासून सुरू करणे योग्य ठरते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) या दोहोंची मुख्यालये नाशिकला आहेत आणि दोहोंचे विद्यार्थी राज्यभर विखुरलेले आहेत. त्यांपैकी मुक्त विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्यच मुळी दूरस्थ शिक्षणाचे आहे. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. छापील स्वयंअध्ययन पुस्तके, अभ्यासकेंद्रे, संपर्क सत्रे आणि दृक्‌श्राव्य साहित्य ही या शिक्षणाची जुनी अंगे होत. एलएमएसचे पान त्यांना एका ठिकाणी आणते.

संज्ञा : ‘व्हिडिओ’साठी मराठीत चित्रफीत, ध्वनिचित्रफीत व चलचित्र असे पर्याय आढळतात. यांतील ‘फीत’ हा शब्द चुंबकीय फितीच्या काळातला आहे. सर्व्हरवरच्या फाईलला तो लावणे शब्दशः चुकीचे असले, तरी रुळलेला शब्द म्हणून चालू शकते. ‘चलचित्र’ बव्हंशी चित्रपटाकडे झुकते. पाठ्यलेखनात चित्रफीत आणि बोलण्यात व्हिडिओ अशी विभागणी दिसते. विद्यार्थ्याला पानावरची सूचना एका नजरेत कळायला हवी असेल, तर ‘व्हिडिओ’च बरा.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये उभारलेल्या ‘प्लेटो’ या संगणकीय अध्यापन प्रणालीपासून सुरुवात करतात. एलएमएसच्या सर्वसाधारण इतिहासापुरते ते ठीक आहे. मात्र व्हिडिओच्या दृष्टीने प्लेटोचा दावा दुबळा वाटतो. सत्तरीच्या दशकातील तिच्या चौथ्या आवृत्तीत पडद्यावर सूक्ष्मचित्रे मागून प्रक्षेपित होत. ती चित्रे स्थिर होती. त्याच सुमाराची ‘टिकिट’ ही दुसरी अमेरिकी प्रणाली रंगीत दूरचित्रवाणी संच हाच पडदा म्हणून वापरत असे आणि संगणकाच्या मजकुराशेजारी फितीवरचे चालते चित्र दाखवण्याची सोय तिच्यात होती. आजच्या पानाची खरी पूर्वज म्हणून टिकिटकडे बोट दाखवणारे अभ्यासक संख्येने कमी असले, तरी त्यांचे म्हणणे अधिक ग्राह्य दिसते.

दुसरा वाद न्यायालयात गेला. ब्लॅकबोर्ड या कंपनीला जानेवारी २००६ मध्ये एलएमएसच्या काही मूलभूत रचनांवर अमेरिकी पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी तिने डिझायरटूलर्न या कॅनेडियन कंपनीवर दावा लावला. २००८ मध्ये ज्यूरीचा निकाल ब्लॅकबोर्डच्या बाजूने लागला. २००९ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटातील दाव्याखालची कलमे अवैध ठरवली आणि वर्षअखेरीस दोन्ही पक्षांत समेट झाला. या खटल्यापायी जगभरच्या शिक्षकांनी जुन्या प्रणालींचे पुरावे धुंडाळून क्रमवार मांडले. या विषयाचा इतिहास आज इतक्या तपशिलाने मिळतो, त्याचे मोठे श्रेय या धडपडीला द्यावे लागते. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात घडवलेल्या ‘मूडल’ या मुक्तस्रोत एलएमएसची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ ची. शुल्काविना घेता येत असल्याने भारतीय महाविद्यालयांत ती बरीच पसरली. पुढील तांत्रिक विवेचन मुख्यतः तिला धरून आहे.

पानावर व्हिडिओ सहज चालणे ही त्यानंतरची गोष्ट होय. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. पुढची काही वर्षे ब्राउझरला फ्लॅशचे जोडसाधन लागत असे. एचटीएमएल५ या वेबपानांच्या भाषेतील व्हिडिओची खूण (टॅग) २००७ च्या सुमारास सुचवली गेली, प्रमाणकाला अंतिम मान्यता २०१४ मध्ये मिळाली आणि फ्लॅशचा आधार २०२० अखेर संपला. फ्लॅशमध्ये केलेले कितीतरी पाठ त्यासोबत मुके झाले.

भारतातील पूर्वपीठिका : उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा ‘साइट’ प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग हा दूरदर्शनवरील कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला. पुण्याची बालचित्रवाणी त्याच वर्षीची आणि तिच्या पाठांवर मराठी मुलांची एक पिढी वाढली. ती २०१७ मध्ये बंद झाली, ही मराठी शिक्षणाची खरी हानी होय. ज्ञानदर्शन वाहिनी २००० मध्ये आणि एज्युसॅट उपग्रह २००४ मध्ये आला. या सर्वांत वेळ प्रक्षेपकाच्या हाती होती आणि पुस्तक वेगळे, कार्यक्रम वेगळा. ‘स्वयम्’ या केंद्रीय मंचाने (२०१७) चतुष्पाद पद्धत रूढ केली : व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा व स्वयंमूल्यमापन. आयोगाच्या २०२० च्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणविषयक विनियमांतही हीच चौकट आहे. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत मात्र चारांपैकी पहिला पादच घाईने उभा राहिला.

चढवणे : एमपी४ हा फाईलचा डबा आहे; आतले चित्र कोणत्या संकेतनाने (कोडेकने) दाबले आहे हे वेगळे पाहावे लागते. एच.२६४ (प्रमाणक २००३) जवळजवळ सर्व ब्राउझरांत चालते. काही फोन मुळातच एच.२६५ मध्ये टिपतात. अशी फाईल काही संगणकांवर आवाज देते आणि चित्राच्या जागी काळोख दाखवते. ‘व्हिडिओ खराब आहे’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच असते आणि फेरसंकेतनाने ते दूर होते.

दुसरी नेहमीची अडचण डब्यातील सूचीची. कोणता तुकडा फाईलमध्ये कोठे आहे हे सांगणारी सूची एमपी४ मध्ये ‘मूव्ह’ या कप्प्यात असते. मुद्रण संपल्यावरच ती पूर्ण होत असल्याने कॅमेरे ती फाईलच्या शेवटी लिहितात. सर्व्हर फाईलचा हवा तो भाग तोडून देत असेल, तर ब्राउझर शेवटाकडे उडी मारून सूची वाचतो. तसे नसेल, तर सगळी फाईल उतरेपर्यंत चक्र फिरत राहते. निर्यात करताना ‘फास्ट स्टार्ट’ हा पर्याय निवडला की सूची आरंभी येते. एका खुणेचे काम आहे, पण शिक्षक-प्रशिक्षणात ते क्वचितच सांगितले जाते.

आकारमानाचे गणित सोपे आहे. सेकंदाला १ मेगाबिट या दराने १० मिनिटांचा व्हिडिओ ७५ मेगाबाइट होतो. ६० विद्यार्थ्यांनी तो एकेकदा पाहिला, तर सर्व्हरवरून ४.५ गिगाबाइट वाहते. फोनवर १०८० रेषांत टिपलेली मूळ फाईल याच्या दहा-पंधरा पट सहज भरते. मूडल ज्या संगणकभाषेत लिहिली आहे त्या पीएचपीची अपलोडमर्यादा मुळात प्रतिफाईल २ मेगाबाइट असते. ती व सोबतची एकूण ८ मेगाबाइटची मर्यादा प्रशासकाने वाढवल्याशिवाय मूडलमधील आकडा वाढवून उपयोग होत नाही. मूडल फाईल तिच्या आशयाच्या ठशावरून साठवते. तीच फाईल पाच अभ्यासक्रमांत चढवली, तरी तबकडीवर तिची प्रत एकच राहते. अभ्यासक्रमाच्या बॅकअपमध्ये मात्र ती दर वेळी बांधली जाते.

बसवणे : पत्ता संपादकाच्या माध्यम-बटणात डकवला की मूडलची बहुमाध्यम गाळणी (फिल्टर) त्याचे खिडकीत रूपांतर करते. गाळणी बंद असेल, तर पानावर नुसता दुवा दिसतो. यूट्यूबने दिलेला तयार संकेत (एम्बेड कोड) डकवल्यास काही भूमिकांच्या वापरकर्त्यांसाठी प्रणाली तो सुरक्षेपोटी पुसून टाकते. पान जतन केल्यावर व्हिडिओ नाहीसा होण्याचे हे कारण. गूगल ड्राइव्हवरची फाईल बसवताना परवानगी ‘दुवा असणाऱ्या कोणालाही’ अशी नसेल, तर शिक्षकाला स्वतःला व्हिडिओ दिसतो आणि विद्यार्थ्याला परवानगी मागण्याचा पडदा. म्हणून पान विद्यार्थ्याच्या भूमिकेतून, शक्यतो दुसऱ्या खात्यातून, एकदा तपासणे आवश्यक आहे.

बसवलेल्या व्हिडिओचा मोठा गुण असा, की यूट्यूबसारखी सेवा जोडणीच्या वेगाप्रमाणे चित्राचा दर्जा आपोआप कमीजास्त करते. सर्व्हरवर चढवलेली एकच फाईल सर्वांना एकाच वजनाची मिळते. उलट, बसवलेल्या व्हिडिओची मालकी दूरची असते. यूट्यूबने २०१७ पूर्वीचे ‘अनलिस्टेड’, म्हणजे फक्त दुवा असणाऱ्यांना दिसणारे, व्हिडिओ २३ जुलै २०२१ पासून खाजगी केले, तेव्हा ज्या जुन्या पानांचे निर्माते वेळीच जागे झाले नाहीत त्यांच्या खिडक्या रिकाम्या झाल्या. शिवाय मूडलचे मोबाइल अॅप चढवलेल्या फायली जोडणीविना पाहण्यासाठी उतरवून ठेवते. बसवलेले यूट्यूब व्हिडिओ उतरवत नाही. नाशिक शहरात हा फरक जाणवणार नाही. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याला तालुक्याच्या गावी फाईल उतरवून घरी पाहता आली, तरच पाठ त्याच्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा मुख्य व्हिडिओ बसवावा आणि त्याखाली ३६० रेषांतली हलकी प्रत चढवून ठेवावी, हा दुहेरी मार्ग या जिल्ह्यासारख्या मिश्र प्रदेशासाठी सर्वांत न्याय्य आहे.

पानातील जागा : व्हिडिओ कोठे ठेवला यावर तो कितपत उपयोगी पडतो हे ठरते. द्राक्षशेतीच्या अभ्यासक्रमातील ऑक्टोबर छाटणीचा पाठ घेऊ. काडीवर कितव्या डोळ्यापुढे (फूट निघते त्या गाठीपुढे) कात्री लावायची, काप किती अंतरावर घ्यायचा, छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या फूट आणणाऱ्या रसायनाचे पेस्टिंग करताना रबरी हातमोजे का सोडायचे नाहीत, हे वाचून कळायला अर्धे पान लागते. कात्री धरलेला हात जवळून दाखवला की दोन मिनिटे पुरतात. पण कितवा डोळा हे वाणावर आणि काडीच्या जाडीवर ठरते, आणि ते व्हिडिओत बोलून टाकले तर शोधणे अवघड होते. ते व्हिडिओखाली तक्त्यात हवे. व्हिडिओआधी एक ओळ असावी : ‘डोळ्याचा फुगीरपणा पाहा, मग काप पाहा.’ बागेत उभा असलेला निफाड-दिंडोरीचा विद्यार्थी तक्ता उघडतो, व्हिडिओ पुन्हा चालवत बसत नाही.

लांबीबाबत फिलिप गुओ व सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास नेहमी उद्धृत होतो. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे ६९ लाख पाहणीसत्रांवरून त्यांनी सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सुचवले. ही सामग्री चार इंग्रजी अभ्यासक्रमांतली होती. हस्तकौशल्याच्या मराठी पाठांना तो आकडा जसाच्या तसा लावू नये, तरी एका व्हिडिओत एकच कल्पना हा त्यामागचा नियम टिकाऊ आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि पुढे नाशिकला चित्रनिर्मिती केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास, मुंबईत, कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज एक चौकट टिपून जेमतेम मिनिटाच्या चित्रात दाखवली होती. बीज, अंकुर, वेल. त्यापलीकडे काही नाही. वनस्पतिशास्त्राच्या पानावर ते आजही शोभेल.

उपशीर्षके : वेबसुलभतेच्या प्रमाणकात (२००८) ध्वनिमुद्रित व्हिडिओला उपशीर्षके ही किमान पातळीची अट आहे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ची दिशाही तीच. मराठी मजकुरासाठी उपशीर्षकांची ‘वेबव्हीटीटी’ फाईल युनिकोड यूटीएफ-८ मध्येच लागते. जुन्या कार्यालयीन सवयीने श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तेथे घातला, की पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ उमटतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये परिवर्तित करून, जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासूनच वापरावा. कर्णबधिर विद्यार्थ्याखेरीज, घरात सगळे झोपल्यावर आवाज बंद ठेवून अभ्यास करणाऱ्या नोकरदार विद्यार्थ्यालाही याच ओळींचा आधार असतो.

पूर्णता व हक्क : मूडलमध्ये ‘पाहिले’ ही पूर्णतेची अट पान उघडताच पुरी होते, व्हिडिओ खरोखर पाहिला की नाही हे त्यावरून ठरत नाही. एच५पी या संवादी पाठ रचण्याच्या साधनाच्या साहाय्याने व्हिडिओच्या मध्येच प्रश्न ठेवता येतात आणि गुण नोंदवता येतात. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनाला सूट आहे. तरी परक्या व्हिडिओची प्रत उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर कायम ठेवण्याऐवजी तो मूळ ठिकाणाहून बसवणे या दृष्टीनेही निर्धोक मानले जाते.