ना. वि. जगताप या नावामागचे नारळीकर

जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा १९७४ साली परीक्षकांच्या हाती पडली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णु नारळीकरची आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात! कथा ‘कृष्णविवर’, स्पर्धा मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेची. केंब्रिजहून परतून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या शास्त्रज्ञाच्या नावाला भुलून कुणी बक्षीस देऊ नये, एवढाच हेतू. अक्षर ओळखू येईल म्हणून हस्तलिखितही पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिलं. लिखाणाची सुरुवात झाली होती एका परिसंवादात, कंटाळवाणं भाषण चालू असताना. पहिलं बक्षीस जगतापांनाच मिळालं.

नाव लपवण्यात थोडी गंमतही असावी. केंब्रिजचे त्यांचे गुरू फ्रेड हॉएल उघडपणे विज्ञानकथा लिहीत. मराठीत मात्र हा प्रकार बराच काळ ज्यूल व्हर्नच्या रूपांतरांवर पोसला गेला होता. रहस्यकथेची गत आणखी वेगळी. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर कादंबऱ्या, त्यांतले झुंजार आणि काळापहाड हे नायक वाचनालयांतून हातोहात जात. समीक्षक मात्र त्यांना दारातच उभं करीत. विज्ञानकथा त्याच रांगेत अडकली नाही, याला एक कारण १९७५चं कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात नारळीकरांच्या कथेची दखल घेतली.

गंमत म्हणजे रहस्यकथेचा मालमसाला नारळीकरांनीही वापरला. पानिपत मराठ्यांनी जिंकलं, अशा निराळ्या मुंबईत त्यांच्या एका कथेतले इतिहासकार गंगाधरपंत जाऊन पोचतात. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात स्वतःच लिहिलेला इतिहास उघडतात, तर त्यात निकालच फिरलेला. संध्याकाळी आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची बघून व्यासपीठावर चढतात आणि मार खातात. शुद्धीवर येतात ते आपल्या ओळखीच्या मुंबईत. खिशात उरतं बखरीचं एक फाटकं पान. खऱ्या पानिपतात गोळी लागून मारले गेले ते विश्वासराव; त्या पानावर मात्र गोळी त्यांच्या कानाला चाटून गेलेली असते. पुढे पुंज भौतिकी (क्वांटम फिजिक्स) येतं, पण वाचक धरून ठेवतो तो हा मुद्देमाल.

१९८८ साली आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या उभारणीसाठी ते पुण्याला गेले. लेखन सुटलं नाही. २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो आत्मचरित्रासाठी, विज्ञानकथांसाठी नव्हे. २०२१च्या नाशिक संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, तेव्हा प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही.