वात करपते तेव्हा

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. तो मँचेस्टरला असतो, तिथे संध्याकाळचे सात वाजले होते. "मामा, नवा कापूस घातला, नवी तार गुंडाळली, तरी तिसऱ्या झुरक्याला करपट लागतंय. काय चुकतंय सांगा की."

भाचा सिगारेट सुटावी म्हणून वेपिंगकडे, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याकडे, वळला, आणि तिथेही तयार डबी न घेता स्वतः खोलून जुळवायची टाकी वापरतो. घरात हे कुणालाच पसंत नाही, मलाही नाही. पण प्रश्न तारेचा होता. सांगलीत गणपती पेठेत आमचं शेगडी-इस्त्री दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तारेचं कोडं कुणी घातलं की मला झोप लागत नाही.

इथल्या वाचकांना आधीच सांगून ठेवतो. भारतात ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं हे सगळं २०१९ च्या कायद्यानं बंद आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ब्रिटनमध्ये वेपिंग चालतं, पण टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नको आणि एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन नको. वापरून फेकायच्या वेपवर तिथे १ जून २०२५ पासून बंदी आहे. तेव्हा हा लेख 'घरी करून बघा' या सदरातला नव्हे. यातली गंमत समई, स्टोव्ह आणि शेगडीतही तितकीच आहे, म्हणून लिहितोय.

टाकीत असतं काय? मधोमध दोन खांब. त्यांच्यात स्क्रूनं आवळलेली, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार. त्या गुंडाळीच्या पोटातून ओवलेला कापूस, आणि कापसाची दोन्ही शेपटं खाली द्रवात बुडालेली. द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण, त्यात वास आणि बहुतेकदा निकोटीन. बटण दाबलं की तार तापते, कापसातला द्रव उडतो आणि रिकाम्या झालेल्या कापसात खालून नवा द्रव चढतो. म्हणजे समईच, फक्त ज्योतीच्या जागी तार.

समईत तेल आहे तोवर वात जळत नाही, हे लहानपणी कुणी मुद्दाम शिकवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. ज्योतीची उष्णता तेलाची वाफ करण्यात खर्च होते, त्यामुळे ओली वात तेलाच्या उकळबिंदूच्या फार वर जात नाही. तेल संपलं की ती उष्णता खर्च व्हायला जागा उरत नाही आणि वात काळी पडते. भाच्याच्या टाकीतही तेच. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० ला. कापूस म्हणजे सेल्युलोज, ते साधारण ३०० अंशांच्या आसपास करपू लागतं. ग्लिसरीनचा उकळबिंदू आणि कापसाचं करपणं यांत अंतर इतकं थोडं, की द्रव यायला जरा उशीर झाला तरी कापूस गेलाच.

त्या करपट चवीत कापसाच्या धुराबरोबर आणखी एक पाहुणा असतो. ग्लिसरीन जास्त तापलं की त्यातून पाणी सुटतं आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतं. कढईत तेल विसरून राहिलं की डोळ्यांत पाणी आणणारा, घसा धरणारा जो उग्र वास येतो ना, त्यात हेच असतं, कारण तेल-तुपाच्या रेणूतही ग्लिसरीनचाच सांगाडा आहे. कोरड्या वातीवर फॉर्माल्डिहाइड हा घातक वायूही वाढतो. 'थोडं करपलंय, चालवून घेऊ' असं इथे करायचं नाही. झुरका तिथेच थांबवायचा.

"कापूस किती घातलास?" मी विचारलं. "दाबून भरला. जास्त कापूस, जास्त द्रव, नाही का?"

इथेच तो चुकला होता, आणि चूक मोठी गोड आहे. कापसाच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून द्रव आपोआप वर चढतो, त्याला केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद, तितका द्रव उंच चढतो. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत पाणी जवळपास १५ सेंटिमीटर चढतं, त्रिज्या निम्मी केली तर दुप्पट. पण उंची वेगळी आणि वेग वेगळा. अरुंद फटीत ओढ जास्त असते, तसा द्रवाला होणारा अडथळाही वाढतो, आणि ओढीपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. म्हणून अरुंद फटीतून द्रव उंच जातो खरा, पण रमतगमत. १९१८ मध्ये लुकास आणि १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी याचं गणित मांडलं. त्यातून आणखी एक गोष्ट निघते: दुप्पट अंतर ओलं व्हायला चौपट वेळ लागतो.

भाच्याच्या टाकीत द्रवाला चढायचंय ते काही मिलिमीटर. उंचीची अडचणच नाही, अडचण आहे वेगाची. त्यात ग्लिसरीन खोलीच्या तापमानाला पाण्याच्या हजारपटीहून जास्त घट्ट, आणि मँचेस्टरच्या थंडीत त्याहून घट्ट. दाबून भरलेल्या कापसातून ते यायचं कधी? कापूस गुंडाळीतून ओढताना किंचित अडला पाहिजे, पण तार वाकता कामा नये. शेपटं विंचरून मोकळी करायची, खालच्या खाचांवर अलगद टेकवायची, कोंबायची नाहीत. मग द्रवाचे थेंब टाकून कापूस आधी भिजवायचा, टाकी भरून पाच-दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. माझ्या अनुभवात हे शेवटचं काम पोरांना सगळ्यात जड जातं.

कापूसही कुठला, याला महत्त्व आहे. बोंडातल्या कच्च्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून तो कापूस पाण्यावर तरंगतो. दवाखान्यातला कापूस अल्कलीत उकळून मेण काढलेला असतो, म्हणून पाण्यात टाकला की काही सेकंदांत बुडतो. मिरजेच्या इतक्या दवाखान्यांत रोज हे कुणी ना कुणी पाहत असेल, पण कशामुळे होतं ते विचारणारा विरळा.

आता तार. भाच्याची तार कँथलची, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. आमच्या दुकानात असायची नायक्रोमची, निकेल आणि क्रोमियमची. दोन्हींचा विद्युतरोध तांब्याच्या साठपटीहून जास्त, आणि लाल होईपर्यंत तापवलं तरी त्या जळून जात नाहीत, कारण पृष्ठभागावर ऑक्साइडचा चिवट थर धरतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो.

शेगडीची कॉईल मधे तुटली की गिऱ्हाइकं काय करायची? तुटकी टोकं एकमेकांना पिळून लावायची. दोन-तीनदा असं झालं की कॉईल आखूड होते, आणि गंमत म्हणजे शेगडी आधीपेक्षा जास्त तापते! लोक खूश व्हायचे. २३० व्होल्टवर १००० वॉटच्या कॉईलचा रोध सुमारे ५३ ओहम. चौथा हिस्सा गेला की ४० ओहम उरतो, आणि शेगडी १३०० वॉटच्या वर खेचते. मग एके दिवशी वायर वितळते आणि गिऱ्हाईक भांडायला दुकानात.

भाच्याची गुंडाळी म्हणजे त्याच हिशेबाची बाहुली. भरलेल्या लिथियम सेलचा दाब ४.२ व्होल्ट. गुंडाळी ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर प्रवाह, सुमारे ३५ वॉट. निम्म्याहून जास्त वेढे कमी करून ०.२ ओहमवर आणली की २१ अँपिअर. घरात गिझरची मोठी पिन असते १६ अँपिअरची. इथे त्याहून जास्त प्रवाह अंगठ्याएवढ्या सेलमधून. १८६५० नावाचा हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, नावातच माप. त्यातले चांगले समजले जाणारे बरेच सेल २० अँपिअरच्या आसपास थकतात, म्हणून ओहम मोजल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तारेची उरलेली टोकं खांबालगत कापायची, नाहीतर ती टाकीच्या अंगाला टेकतात आणि शॉर्ट होतो. कापूस घालण्याआधी तार हलकेच तापवून बघायची: ती मधून बाहेर सारखी लालसर व्हावी. एखादाच वेढा आधी पेटला, तर सिरॅमिकच्या चिमट्यानं वेढे सारखे करायचे, तेही बटणावरचा अंगठा काढून.

देखभालीत कंटाळवाणं फारसं नाही, चिकट मात्र आहे. गोड वासाच्या द्रवातले गोडी आणणारे पदार्थ तारेवर जळून काळी पुटं धरतात. गुऱ्हाळात काहील ढवळायला कुणी चुकलं की तळाला जे लागतं, तसंच. पुटं आली की कापूस काढायचा, तार हलकी तापवून पुटं जाळायची, थंड झाल्यावर पाण्याखाली धरायची आणि नवा कापूस घालायचा. हे कँथलला चालतं. टायटॅनियमच्या तारेला अशी कोरडी लाल करायची नाही, तिच्या ऑक्साइडची भुकटी सुटते. बाकी रबरी कडी बघायची, तडा गेला असेल तर बदलायची.

टाकी गळते कशी, हे समजायला कोंबड्यांचं उलट्या बरणीचं पाणी-भांडं आठवा. पाणी खाली उतरतं तितकी हवा बुडबुड्यानं वर जाते, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरा कमी राहतो म्हणून सगळं पाणी एकदम सांडत नाही. टाकीत हवेच्या त्या वाटेवर कापसाचा पहारा असतो. कापूस फार कमी घातला तर पहारा ढिला पडतो आणि द्रव हवेच्या भोकांतून ठिबकतो. विमानात केबिनचा दाब जमिनीवरच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास उतरतो, आतली अडकलेली हवा फुगते आणि द्रव बाहेर ढकलते.

आणि हो, तोंडातून निघतो तो ढग 'वाफ' नव्हे. खरी वाफ दिसत नाही. चहाच्या किटलीच्या तोटीलगतची मोकळी जागा बघा. ढग म्हणजे थंड होऊन जमलेले सूक्ष्म थेंब, हिवाळ्यात कृष्णेवर पसरणाऱ्या धुक्यासारखे, फक्त कितीतरी बारीक. बारीक असल्यामुळेच ते फुप्फुसात खोल जातात. २०१९-२० मध्ये अमेरिकेत २,८०७ जण फुप्फुसाच्या दुखण्यानं रुग्णालयात गेले, ६८ दगावले. दोष मुख्यतः गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटचा निघाला. साधा द्रव त्यामानानं सौम्य, पण निकोटीनचं व्यसन त्यात पुरेपूर असतं, आणि हा द्रव पोराबाळांच्या हाती लागला तर विषच.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा मेसेज आला: कापूस निम्मा केला, करपट गेलं. मी उत्तर पाठवलं, गणपतीला येताना ती टाकी तिथेच ठेवून ये, विमानात गळेल आणि मुंबईत पकडतील.

तो आला, टाकीविना. माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, त्याला समईच्या वाती वळायला बसवलं. तळहाताला दुधाचं बोट लावून त्यानं पहिल्या चार वाती वळल्या, अगदी दोरीसारख्या घट्ट. समईत लावल्या तर तेल चढेना, टोकं काळी पडून विझल्या. आजी काही बोलली नाही. भाच्यानं माझ्याकडे बघितलं, वात उलगडली आणि पुन्हा सैल वळायला घेतली.