ग्राहकांसाठी माहितीपत्रक : स्टार्टर बंद असूनही मोटर का जळते?

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की आमच्या दुकानात जळालेल्या मोटरी भरण्यासाठी, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घेण्यासाठी, येऊ लागतात आणि बहुतेक शेतकरी बांधवांचा प्रश्न एकच असतो : स्टार्टर बंद होता, एमसीबीही (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) बसवली होती, मग मोटर जळली कशी? या प्रश्नाचे उत्तर आकाशातील विजेच्या वेगात आहे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

वीज एका झेपेत खाली येत नाही. आधी ढगातून एक अंधुक वाट निघते. ती साधारण पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, मध्ये क्षणभर थबकत आणि फाटे फोडत, सेकंदाला सुमारे 200 किलोमीटर वेगाने जमिनीकडे उतरते. वंदे भारत गाडी ताशी 160 किलोमीटरने धावते तेव्हा सेकंदाला जेमतेम 45 मीटर जाते, रायफलची गोळी 800 ते 900 मीटर, तर पृथ्वीभोवती फिरणारे अवकाश स्थानक पावणेआठ किलोमीटर. माणसाने बनवलेली सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे सूर्याजवळून जाणारे पार्कर यान. डिसेंबर 2024 मध्ये त्याने सेकंदाला सुमारे 192 किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा कुठे ते या अंधुक वाटेच्या बरोबरीला आले.

खरा झपाटा त्यानंतरचा आहे. वाट जमिनीला भिडताच मुख्य प्रवाह सुरू होतो आणि डोळे दिपवणारा तो उजेड सेकंदाला सुमारे एक लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या एक तृतीयांश वेगाने, खालून वर चढतो. त्याच वाटेने असे बहुधा तीन-चार तडाखे लागोपाठ बसतात, म्हणूनच वीज आपल्याला थरथरताना दिसते.

आता एमसीबीचा विचार करावा. तिचा खटका पडायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो असे धरले, तरी तेवढ्या वेळात हा वेग नागपूरहून मुंबई ओलांडून समुद्रावर पोहोचेल इतका आहे. प्रवाह तर सेकंदाच्या काही लाखांशातच शिखरावर जातो. राहिला प्रश्न बंद स्टार्टरचा. त्याचे झाकण उघडून पाहिले तर दोन संपर्कांमधील अंतर बोटाच्या जाडीपेक्षाही कमी दिसते. जी वीज कित्येक किलोमीटर हवा फोडून तारेवर आली, तिला एवढी फट अडवू शकत नाही. म्हणून आभाळ भरून येत असतानाच मेन स्विचच्या तिन्ही किटकॅट (हाताने काढता येणारे फ्यूज) काढून ठेवाव्यात. त्यानेही पूर्ण हमी मिळत नाही, पण फट कितीतरी मोठी होते. गडगडाट ऐकू येऊ लागल्यावर मात्र त्यासाठी वावरात जाऊ नये. मोटर भरून मिळते, माणूस मिळत नाही.

विजेचा आवाज तिच्या मानाने फार सावकाश येतो, सेकंदाला सुमारे 350 मीटर. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि वीज ढगापासून एवढ्या अंतरावरही पडू शकते. त्यामुळे तिसाच्या आत आवाज आला तर धुऱ्यावरच्या निंबाखाली न थांबता पक्क्या घरात यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये असावे. ते जवळपासच्या विजेची सूचना देते.

तारेवरून अचानक येणाऱ्या विजेच्या जादा दाबाच्या लाटेसाठी आम्ही जो सर्ज अरेस्टर बसवतो, त्यात हलणारा खटका नसतो. दाब वाढताच तो सेकंदाच्या काही कोट्यंशात प्रवाह जमिनीकडे वळवतो. वीज थेट पंपावर पडल्यास मात्र तोही मोटर वाचवील असे आम्ही सांगत नाही. शिवाय अर्थिंग चांगली नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईभोवती पोकळी पडते आणि वरून ठीक दिसणारी अर्थिंग प्रत्यक्षात जमिनीला धरून नसते. तेव्हा खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे आणि तपासणीची नोंद रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी दुकानात करावी, कारण पेरणी सुरू झाल्यावर आमची माणसे सर्वांच्या वावरात वेळेवर पोहोचू शकत नाहीत.